रेल ट्रेलची तयारी: पन्हाळ्याचा घाट पुरेसा नाही

सायकलवर पन्हाळा न थांबता चढणाऱ्याला रेल ट्रेल, म्हणजे बंद पडलेल्या जुन्या लोहमार्गावरची सायकलवाट, अगदीच सोपी वाटते. फसगत इथंच होते. वाफेच्या इंजिनाची चाकं चढावर रुळांवरून घसरायची, म्हणून लोहमार्ग आखताना चढ हलकाच ठेवत; आडवी आली टेकडी तर कापत, खळगा लागला तर भराव घालत. न्यूझीलंडची ओटागो सेंट्रल रेल ट्रेल घ्या. क्लाइड ते मिडलमार्च १५२ किलोमीटर. रेल्वे १९९० मध्ये बंद झाली, सायकलवाट २००० मध्ये पूर्ण खुली झाली. तिथला तीव्रात तीव्र चढ पन्नासास एक, म्हणजे ५० मीटर पुढं गेल्यावर एक मीटर वर.

घाटात आपण मधूनमधून पेडलवर उभे राहतो, उतारावर पाय थांबवतो. बूड आणि मनगटं तेवढ्यात सुटतात. रेल ट्रेलवर दोन्ही नाही. एकाच बैठकीत तासन्‌तास पाय फिरवायचे. त्यामुळं दम लागायच्या आधी बूड बधिर होतं आणि करंगळीला मुंग्या येतात.

म्हणून सराव सपाट रस्त्यावर करा. आठवड्यातून दोनदा ४० किलोमीटर, हलक्या गिअरवर, मिनिटाला ७५ ते ८५ फेरे. दर पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहायची सवय लावून घ्या. सीटची उंची अशी बघा: पेडल पार खाली असताना त्यावर टाच टेकवली की गुडघा सरळ व्हायला हवा. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंगाचा भार हातावर येतो. करंगळीच्या मुंग्यांचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

सरावाला कोल्हापूरजवळच्या वडणगे, प्रयाग चिखली भागातले मळ्यांतले मुरमाचे रस्ते चांगले. गळीत हंगामात मात्र जपून. ट्रॉल्यांतून सांडलेल्या पाल्याखाली खड्डा दिसत नाही, आणि वाळलेला पाला चाकाखाली साबणासारखा सरकतो. कोल्हापूर-मिरज लोहमार्गाशेजारच्या पायवाटेवर सायकल घालू नका. ती लाइन चालू आहे आणि रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

टायरवर खर्च करा, बाकी सायकल साधी चालेल. ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर घ्या. ७० किलोच्या माणसाला, ४० मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये, पुढं ३८ आणि मागं ४२ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करून बघा. डांबरी रस्त्याच्या सवयीनं हवा ठासून भरली की बारीक खडीवर चाक उडतं, हात झिणझिणतात. फार कमी भरली तर दगडावर आपटताच ट्यूब रिममध्ये चेंगरते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. असं पंक्चर दिसलं की काटा शोधत बसू नका. ट्यूब बदला आणि पाच पीएसआय हवा वाढवा. चेनला तेल कमीच: प्रत्येक कडीवर एक थेंब, दहा मिनिटांनी फडक्यानं पुसून काढा. जादा तेलात धूळ बसून कानशीसारखी चेन घासत राहते.

ओटागोच्या वाटेवरच्या तीन बोगद्यांत दिवे नाहीत. उन्हातून आत शिरताच डोळ्यांपुढं अंधारी येते, तेव्हा दिवा आधीच लावा, नाहीतर उतरून चालत जा. गुरं अडवायला जमिनीत आडवे पाइप बसवलेले असतील, तिथं चाक काटकोनात न्या. तिरकं गेलात की घसरलात, ओले असले तर हमखास. शेताचं फाटक उघडं सापडलं तर उघडं, बंद असेल तर बंदच ठेवा. आत मेंढ्या असतात. हेल्मेट तिथं कायद्यानंच सक्तीचं आहे.

सायकल तिथं भाड्यानं मिळते. इथूनच नेणार असाल तर खोक्यात भरताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका: घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. आणि सायकल धुवा, मनापासून धुवा. वापरलेली सायकल आणली आहे हे न्यूझीलंडच्या विमानतळावर जाहीर करावं लागतं. माती, बी, गवताची काडी काही चालत नाही. टायरच्या खाचा जुन्या टूथब्रशनं घासा, पेडलची पोटं आणि बुटांचे तळवेही. मडगार्डच्या आत वाळलेली मळ्यातली काळी माती नुसत्या पाण्यानं निघत नाही. ती आधी रात्रभर ओल्या फडक्यानं भिजवून ठेवा.