विहिरीचं पाणी तपासायला देताय? या चुका टाळा

"डाळ शिजते ना? मग पाणी चांगलंच आहे." नागपुरात घरी विहीर असलेल्या कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. आमची आजीही हेच म्हणायची, आणि तिचं खोटं नव्हतं. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की तुरीची डाळ टणक राहते. पण डाळीवरून कळतो तो फक्त पाण्याचा जडपणा. नायट्रेट हे पाण्यात विरघळलेलं अपायकारक रसायन. त्याला ना रंग, ना वास, ना चव. गोड पाण्यातही ते असू शकतं आणि त्यात डाळ मस्त शिजते.

दुसरी चूक टीडीएस मीटरवर विसंबण्याची. हे पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतं. ते क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सूट नाही. फ्लोराइड 1 पर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. मीटरवर 400 असा ठीक वाटणारा आकडा दिसला तरी या दोन्ही मर्यादा ओलांडलेल्या असू शकतात. जंतू तर मीटरवर दिसतच नाहीत.

आता नमुना घेण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मी पहिल्यांदा पाणी नेलं ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत, तेही वरच्या टाकीच्या नळाचं. बाटली रात्रभर गॅलरीत होती, मे महिन्यात. जंतूंचा रिपोर्ट वाईट आला, पण ते जंतू विहिरीतले, टाकीतले की बाटलीतले, हे सांगायला काही मार्गच उरला नव्हता. पैसे आणि आठवडा दोन्ही वाया गेले.

तेव्हा बाटल्या दोन घ्या. क्षारांसाठी प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली मागा. ती विसळायची नाही. तळाशी थोडी पांढरी पूड दिसली तर ती क्लोरीन निष्प्रभ करायला घातलेली असते, राहू द्या. झाकणाला आतून बोट लावू नका आणि ही बाटली पूर्ण न भरता वर थोडी जागा सोडा. पंप असेल तर पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या आणि टाकी, आरओ, सॉफ्टनर यांच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या. उघडी विहीर असेल तर बाटलीला दगड बांधून ती स्वच्छ दोरीने वीतभर खोल बुडवा, कडेला घासू देऊ नका. नंतर बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. नागपूरच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवलेला नमुना कामाचा राहत नाही.

लोह आणि इतर धातू तपासायचे असतील तर आधीच सांगा. त्यासाठी आम्ल घातलेली वेगळी बाटली लागते. नाहीतर उपसताना निर्मळ दिसणारं पाणी हवा लागून तांबूस होतं, लोह तळाशी बसतं आणि रिपोर्टमध्ये कमी दिसतं.

"आम्ही उकळून पितो." जंतूंसाठी हे उत्तमच. नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र उकळून जात नाहीत. वाफ निघून जाते, ते मागे राहतात. आपल्या कूलरच्या ताट्यांवर उन्हाळाभर जो पांढरा थर साचतो, तो असाच मागे उरलेला क्षार. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं दूध देत असाल तर ते नायट्रेटच्या पाण्यात कालवू नका. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ आणि नखं निळसर पडतात.

रिपोर्ट हातात आला की एकक आधी बघा. काही ठिकाणी नायट्रेट "नायट्रोजन म्हणून" लिहितात. तो आकडा 4.43 ने गुणायचा. म्हणजे 12 हा आकडा निरुपद्रवी वाटला तरी प्रत्यक्षात नायट्रेट 53 आहे. नायट्रेट, क्लोराइड आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) तिन्ही वाढलेले दिसले तर संशय गडर लाइनवर (सांडपाण्याच्या गटारावर) किंवा सेप्टिक टाकीवर घ्या. शहराच्या पश्चिमेकडे बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. खडकाच्या भेगांतून घाण झपाट्याने सरकते, वाळूत गाळली जावी तशी गाळली जात नाही. सेप्टिक टाकी विहिरीपासून किमान 15 मीटर दूर असावी असं सांगतात, पण भेगाळ खडकात तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. नव्या लेआउटमध्ये शेजाऱ्याची टाकी कुठे आहे तेही विचारा.

जंतू निघाले की लोक अंदाजाने टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) ओततात. मात्रा साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 785, इतके लिटर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर, म्हणजे 70 ग्रॅम पावडर. बादलीत कालवून निवळ तेवढी विहिरीत सोडा, किमान तासभर पाणी वापरू नका. आणि लगेच दुसऱ्या दिवशी फेरतपासणी करू नका: क्लोरीन असेपर्यंत रिपोर्ट चांगलाच येणार. एक-दोन आठवडे थांबून, वास पूर्ण गेल्यावर नमुना द्या. एक तपासणी मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर आणि एक पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात करा. दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.