डेबियनमध्ये पॅकेजांचे चक्रीय अवलंबन कसे सोडवावे

डेबियन या लिनक्स-आधारित कार्यप्रणालीत सॉफ्टवेअर पॅकेजांच्या (गठ्ठ्यांच्या) रूपात येते. दोन पॅकेजे एकमेकांवर अवलंबून असली, म्हणजे त्यांचे चक्र झाले, तर आधी कोणते बसवायचे हा प्रश्न पडतो. डीपीकेजी हे पॅकेजे बसवणारे मूळ साधन हे काम दोन टप्प्यांत करते : आधी फाइली उलगडायच्या, मग पॅकेज कॉन्फिगर करायचे. 'डिपेंड्स'ची (दुसरे पॅकेज हवेच, ही) अट दुसऱ्या टप्प्याला लागू होत असल्याने दोन्ही पॅकेजे एकाच आदेशात दिली की अडचण सहसा उरत नाही. लिबसी६ (सी भाषेची मूळ लायब्ररी) आणि लिबजीसीसी-एस१ (जीसीसी कंपायलरची सहायक लायब्ररी) ही परस्परावलंबी जोडी याच आधारावर चालते. म्हणून हाताशी असलेल्या दोन डेब फाइली (पॅकेजांच्या फाइली) एकेक करून बसवू नयेत, तर डीपीकेजीच्या वरच्या पातळीवरील एपीटी या साधनाच्या 'एपीटी इन्स्टॉल' आदेशाला दोन्हींचे मार्ग एकदमच द्यावेत. आधीच अर्धवट अडकलेले असेल, तर राहिलेले पॅकेज उलगडून 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवावे. '--फोर्स-डिपेंड्स'ने मात्र तक्रार तेवढी दबते, चक्र तसेच राहते.

खरे काम पॅकेज तयार करणाऱ्याचे आहे. ज्या पॅकेजात पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट (कॉन्फिगर होताना चालणारी) नाही, तिथे डीपीकेजी चक्र तोडते. दोन्हींत ती असेल, तर क्रमाची खात्री देता येत नाही. त्यामुळे प्रथम दोन्ही स्क्रिप्ट उघडून, कॉन्फिगर होताना कोणाला कोणाची खरोखर गरज लागते ते पाहावे. बहुधा असे दिसते की मुख्य प्रोग्रामला डेटा पॅकेज लागते, पण डेटा पॅकेजात प्रोग्रामचे नाव 'याच्याविना उपयोग काय' एवढ्याच विचाराने घातलेले असते. ते निःसंकोच काढावे किंवा 'रेकमेंड्स'मध्ये (शिफारस, पण सक्ती नाही) न्यावे. दोघांना त्याच फाइली लागत असतील, तर त्यांचे तिसरे 'कॉमन' पॅकेज करावे. 'डिपेंड्स'हून कडक अशा 'प्री-डिपेंड्स'च्या चक्रात उलगडण्याआधीच दुसरे पॅकेज कॉन्फिगर झालेले लागते, म्हणून ते मुळातच होऊ देऊ नये.

बिल्डच्या (मूळ कोडपासून पॅकेज बांधण्याच्या) वेळचे चक्र वेगळे असते, कारण तिथे समोरचे पॅकेज अजून तयारच झालेले नसते. नव्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर) डेबियन नेताना हे हमखास आड येते. केवळ चाचण्यांसाठी लागणाऱ्या पॅकेजांपुढे बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डसाठी लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) '<!नोचेक>' लिहावे आणि पहिला बिल्ड नोचेक (चाचण्या वगळणाऱ्या) प्रोफाइलने करावा. एखादी सुविधाच वगळावी लागत असेल, तर 'स्टेज१' हे प्रोफाइल वापरावे. त्या कामचलाऊ पॅकेजाच्या आधारे दुसरे तयार करावे आणि मग पहिले सर्व चाचण्यांसह पुन्हा बांधावे. हा शेवटचा बिल्ड झाल्याशिवाय पॅकेज संग्रहात पाठवू नये.