शिंपल्याच्या ठशाची स्टोनवेअर ताटली

समुद्राशी नाते सांगणारी मातीची वस्तू करायची म्हटले की नवशिके बहुधा मासे आणि लाटा कोरायला घेतात. त्यापेक्षा खऱ्या शिंपल्याचा ठसा ओल्या मातीत घ्यावा आणि पाण्याचा रंग ग्लेझवर, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपावर, सोपवावा, असे मला मनापासून वाटते. कारण शिंपल्याच्या पाठीवर वाढीच्या ज्या रेषा असतात, त्या हाताने कितीही बारीक कोरल्या तरी तितक्या सहज उतरत नाहीत.

ठशासाठी किनारा धुंडाळावा लागत नाही. तिसऱ्यांचे कालवण झाल्यावर उरलेले शिंपले उकळून, घासून उन्हात वाळवावेत आणि त्यांतून ज्यांच्या रेषा बोटाला स्पष्ट लागतात तेवढेच निवडावेत. कालवांच्या खडबडीत पाठीचा ठसा अधिक खोल आणि अनियमित येतो. प्रवाळ मात्र कधीही उचलू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे.

सुमारे 22 सेंटिमीटरच्या ताटलीला एक किलो स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून टणक होणारी, माती पुरते. माती हवा निघेपर्यंत नीट मळावी, जाड सुती कापडावर दोन्ही बाजूंना 8 मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून लाटावी आणि मध्येच उलटून दुसऱ्या बाजूनेही लाटावी, म्हणजे वाळताना ती वाकण्याची शक्यता कमी होते.

पृष्ठभागावरची ओली चकाकी गेली, पण माती अजून मऊ आहे, हीच ठसा घेण्याची वेळ. शिंपल्याला कॉर्नफ्लोअरचा हलका हात लावावा, त्याची फुगीर बाजू मातीवर टेकवून अंगठ्याने एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हळूहळू दाब द्यावा आणि तो सरळ वर उचलावा. दोन मिलिमीटर खोली पुरेशी होते. सगळी ताटली ठशांनी भरून टाकू नये. तीन-चार ठसे एका बाजूला आणि उरलेली जागा मोकळी, ही मांडणी मला सर्वांत भावते.

उचलल्यावर प्रत्येक ठसा भिंगाने तपासावा. शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्याचा लहानसा कण जरी मातीत राहिला, तरी पहिल्या भाजणीत साधारण 900 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा कळीचा चुना होतो, तो हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि भट्टीतून धडधाकट निघालेल्या भांड्याचाही काही दिवसांनी टवका उडतो. कोकणात शिंपले भाजून चुना करत, त्यामागची क्रिया हीच. जपानमध्ये लाकडाच्या भट्टीत शिंपले मुद्दाम भांड्याखाली आधार म्हणून ठेवले जातात आणि त्यांची खूण भांड्यावर उरते, पण तिथे शिंपला मातीत अडकलेला नसतो. भाजणीनंतर तो काढून टाकता येतो.

मग ताटली उथळ साच्यात बसवावी, कडा ओल्या स्पंजने गोल कराव्यात आणि प्लॅस्टिकखाली आठवडाभर सावकाश वाळू द्यावी. कडा मध्यभागाच्या आधी वाळल्या तर तडा जातो, म्हणून कडांवरचे प्लॅस्टिक सर्वांत शेवटी काढावे. पूर्ण वाळलेली ताटली 1000 अंशांपर्यंत भाजावी. सुरुवातीचे 120 अंश होईपर्यंत आच अगदी धिमी हवी, नाहीतर उरलेल्या पाण्याच्या वाफेने ती फुटते.

आता रंग. लाल लोह ऑक्साइड पाण्यात कालवून ठशांवर लावावे आणि ओल्या स्पंजने पुसून घ्यावे, म्हणजे ते फक्त रेषांत उरते. त्यावर पारदर्शक ग्लेझचा पातळ थर द्यावा. थर जाड झाला तर रेषा बुजतात. सेलाडॉन या पारंपरिक ग्लेझची निळसर हिरवी छटा लोहाच्या एक-दोन टक्क्यांतून येते, पण त्यासाठी भट्टीत प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे विजेच्या भट्टीत तेच ग्लेझ पिवळसर निघते. अशा वेळी पारदर्शक ग्लेझमध्ये अर्धा टक्का कोबाल्ट कार्बोनेट आणि एक टक्का लोह ऑक्साइड मिसळावे. पावसाळी समुद्रासारखा करडा निळा रंग येतो. तांब्याचा हिरवा मोहक असला तरी जेवणाच्या ताटलीवर तो टाळावा, कारण कोकम किंवा लिंबाच्या आंबटपणाने तांबे अन्नात उतरू शकते.

तळ स्वच्छ पुसून, ग्लेझच्या प्रकारानुसार 1220 ते 1240 अंशांवर दुसरी भाजणी करावी आणि भट्टी 100 अंशांच्या खाली उतरेपर्यंत उघडू नये. माती एकूण दहा-बारा टक्के आकसत असल्याने 22 सेंटिमीटरची ताटली साडेएकोणीसच्या आसपास भरेल. वाढण्याच्या मापाचा हिशेब लाटतानाच करून ठेवावा.