घाटात जाण्याआधी सायकलच्या मागच्या डिस्क ब्रेकची तपासणी

तोरणमाळचा घाट चढताना मागचा ब्रेक कसा आहे ते कळत नाही, कळतं ते उतरताना. मागचा धरत नसेल तर सगळा भार आणि सगळी उष्णता पुढच्या डिस्कवर येते, आणि मुरमाच्या वळणावर पुढचं चाक जाम झालं की माणूस थेट जमिनीवर. म्हणून जराही शंका असेल तर निघायच्या आदल्या रात्री नव्हे, चार-पाच दिवस आधीच सायकल तपासायला घ्या. हव्या त्या मापाचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या) जळगाव-धुळ्याच्या दुकानातही तयार असतीलच असं नाही, मागवायची वेळ आली तर हाताशी दिवस हवेत.

पाना उचलण्याआधी तक्रार नक्की करा. चाक फिरताना घासतंय, ब्रेक लावल्यावर किंचाळतोय, की लिव्हर दाबूनही पकड नाही? ही तीन वेगळी दुखणी आहेत. ‘ब्रेक खराब आहे’ एवढ्यावर थेट नवे पॅड आणले तर बऱ्याचदा तेही वाया जातात.

सामान फार लागत नाही. ४, ५ आणि ६ मिलिमीटरची एल-की, रोटरच्या, म्हणजे ब्रेकच्या डिस्कच्या, बोल्टसाठी टी-२५ टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा पाना), टॉर्च, पांढरा कागद, जाड पुठ्ठ्याचा तुकडा आणि धुतलेलं सुती फडकं. चेन पुसायचं फडकं अजिबात नको. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. त्याऐवजी हॅण्ड सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं आणि ते डिस्कवर राहून जातं. गंज सोडवायचा स्प्रे आणि तेलाची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवलेली बरी.

सुरुवात चाकापासून करा. सायकल जमिनीवर उभी ठेवून क्विक रिलीज (चाक आवळणारी दांडी) सैल करा, सायकलच्या वजनाने चाक खाचेत नीट बसू द्या आणि पुन्हा घट्ट करा. घासण्याच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. मग चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवून बघा. खुळखुळलं तर दोष हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, बेअरिंगमध्ये आहे, ब्रेकला हात लावायची गरज नाही.

आता कॅलिपरमागे, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यामागे, पांढरा कागद धरा आणि डोळा त्या फटीच्या रेषेत आणून चाक हळू फिरवा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी. फेरीत एकाच जागी घासत असेल तर रोटर वाकलाय, सतत घासत असेल तर कॅलिपर सरकलाय किंवा पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) अडकलाय. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि तसंच धरून ते आळीपाळीने घट्ट करा, बहुतेक वेळा मधोमध येतो. आपल्या भागात आणखी एक गोष्ट होते. कपाशीच्या वावरातली काळी माती ओली असताना कॅलिपरमध्ये शिरते आणि वाळली की दगडासारखी घट्ट बसते. ती पाणी आणि मऊ ब्रशने काढा, टोकदार स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका.

किंचाळणं आणि पकड जाणं यांचं मूळ बहुतेक वेळा तेलात असतं. मागची डिस्क चेनच्या जवळ, त्यामुळे चेनवर मारलेला स्प्रे आऱ्यांमधून तिच्यापर्यंत पोचतो. वॉशिंग सेंटरवर सायकल धुतली असेल तर शेवटी डिझेलचा फवारा मारला होता का, तेही आठवा. चाक काढून पॅड बाहेर घ्या, पण चाक बाहेर असताना लिव्हर चुकूनही दाबू नका. ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर पिस्टन पुढे येऊन बसतात, म्हणूनच तो पुठ्ठा फटीत घालायचा. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पॉलिश पेपरवर हलकेच घासा. तेल मुरलं असेल तर पॅड बदला. गॅसवर भाजून वाचवायचा उद्योग काही जण करतात, घाटात त्यावर विसंबावं असं मला वाटत नाही. शिमानो कंपनीच्या पॅडवर अर्धा मिलिमीटर लेप उरला की ते संपले समजा. नवे पॅड बसवण्याआधी डिस्क अल्कोहोलने पुसाच, नाहीतर जुनं तेल नव्या पॅडला लागेल. रोटरची जाडीही मोजून घ्या, शिमानोचा नवा १.८ मिलिमीटरचा असतो आणि १.५ पर्यंत चालतो. मर्यादा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते.

ब्रेक तारेवरचा असेल तर कॅलिपरपाशी वायर सोडून हाताने ओढून बघा. मागची वायर लांब असते, वळणांत पाणी साचून गंजते. ती अडखळत असेल तर वायर आणि आवरण दोन्ही बदला. बऱ्याच कॅलिपरमध्ये एकच पॅड सरकतो. दुसरा जागचा हलत नाही, तो मागच्या नॉबने डिस्कजवळ आणावा लागतो. पॅड झिजल्यावर नुसती वायर ताणत राहिलं तर कॅलिपरची दांडी आधीच अर्धी ओढली जाते आणि दाबायला जोरच उरत नाही.

हायड्रॉलिकमध्ये लिव्हर आधी मऊ लागली आणि तीन-चार वेळा दाबल्यावर कडक झाली तर आत हवा आहे, ब्लीडिंग (ती हवा बाहेर काढणं) लागेल. दाबून धरलेली लिव्हर हळूहळू हॅण्डलकडे सरकत असेल तर गळती शोधा, लिव्हरपाशी, पाइपच्या जोडावर आणि पिस्टनभोवती कागद टेकवून. तेल कोणतं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये डॉटचं तेल (गाड्यांचं ब्रेक फ्लुइड) सहज मिळतं, पण शिमानोसारख्या मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये ते घातलं की आतली सीलं फुगून खराब होतात. भाऊ, इथे अंदाजाने काही करू नका, झाकण वाचा.

जोडणी झाल्यावर गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर वेग घ्या आणि चाक जाम न करता चालण्याच्या वेगापर्यंत आणा, असं पंधरा-वीस वेळा. नवे पॅड त्यानंतरच धरायला लागतात. घाटात पिशवी लादून जाणार असाल तर शेवटच्या काही फेऱ्या पिशवीसकट मारा, आणि पिशवीत एक जोड पॅड, ५ ची एल-की आणि टी-२५ राहू द्या.