ब्राउझर आणि सर्व्हरवर एकच क्लास वापरताय? या चुका टाळा

लातूरच्या आडत दुकानाचं सॉफ्टवेअर करायचं तर पहिला क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणारा कोडचा साचा) 'पट्टी'चा, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचा: शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई. जावास्क्रिप्ट दोन्हीकडे चालते, म्हणून तोच क्लास ब्राउझरमध्ये आणि नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हरवरही लावतात. इथवर ठीक. पुढे कुणीतरी क्लासच्या आतच 'विंडो (ब्राउझरमध्येच असणारा ऑब्जेक्ट) आहे का?' असं तपासून इकडे एक आणि तिकडे दुसरंच करायला लावतं, आणि घोळ सुरू होतो.

सगळ्यात महागात पडते रकमेची चूक. समजा १२ क्विंटल सोयाबीन, भाव ४,४०० रुपये. झाले ५२,८००. हमाली-तोलाईचे ३०० वजा जाता ५२,५००. ब्राउझरने हा निव्वळ आकडा 'रक्कम' म्हणून पाठवला आणि सर्व्हरच्या कन्स्ट्रक्टरने (क्लासचा ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडने) त्यातून पुन्हा ३०० कापले. मुनीमजींच्या स्क्रीनवर ५२,५००, शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर ५२,२००. मग दुकानात आवाज चढणारच. पाठवायचं ते फक्त वजन, भाव आणि कट्टे. कपातीचे दर सर्व्हरने स्वतःचे घ्यावेत आणि हिशोब पुन्हा करावा. ब्राउझरमधला आकडा नुसता बघण्यापुरता. तो कुणीही बदलू शकतो.

तारखेची चूक जास्त छळते. १५ ऑक्टोबर सुरू होतानाची (००:००) मध्यरात्र आपल्याकडची. जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या मजकूर-रूपात) जाताना ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) १४ ऑक्टोबर, १८:३० होते, कारण आपण साडेपाच तास पुढे. सर्व्हरने नुसता तारखेचा भाग उचलला की पट्टी आदल्या दिवशीची! नुसती तारीख हवी असेल तर '२०२४-१०-१५' अशी साधी स्ट्रिंगच (नुसता मजकूर) पाठवा, डेट ऑब्जेक्ट नको.

जेसनमधून फक्त डेटा जातो, मेथड (क्लासमधली फंक्शन) जात नाहीत. पलीकडे 'इज नॉट अ फंक्शन' दिसलं तर आलेल्या डेटातून क्लासचा ऑब्जेक्ट नव्याने बनवा. ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे आयडी स्ट्रिंगमध्येच ठेवा, नाहीतर शेवटचे अंक बदलू शकतात.

वागणूक खरंच वेगळी हवी असेल तर सामाईक फाइलमध्ये फक्त फील्ड आणि शुद्ध हिशोब ठेवा. छपाई ब्राउझरच्या फाइलमध्ये, डेटाबेस सर्व्हरच्या. सामाईक फाइलमध्ये डेटाबेसची लायब्ररी आणली तर ब्राउझरसाठीचं बिल्ड (कोड एकत्र बांधण्याचं काम) बऱ्याचदा अडतं. पासवर्ड तिथे लिहिला असेल तर तोही थेट ब्राउझरमध्ये पोचतो.

टेस्ट चालवताना सर्व्हरचा टाइमझोन मुद्दाम यूटीसी ठेवा. आपल्या लॅपटॉपवर दोन्ही बाजू भारतीय वेळेतच चालतात, त्यामुळे तारखेची चूक तिथे बऱ्याचदा दिसतच नाही.