आपलाच पक्ष चुकलाय? मग घरचा आहेर असा द्या

आधीच सांगतो, हे मोठ्या नेत्यांसाठी नाहीये. त्यांना एका रात्रीत पक्ष बदलता येतो आणि सकाळी "विकासासाठी निर्णय घेतला" म्हणता येतं. हे बूथवर बसणाऱ्यांसाठी, सतरंज्या उचलणाऱ्यांसाठी, पहिल्यांदाच नगरसेवक झालेल्यांसाठी आणि ज्यांच्या डीपीवर अजून साहेबांचा फोटो आहे पण गेल्या काही दिवसांत काहीतरी असं घडलंय की तो फोटो बघून पोटात कालवाकालव होते त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी स्वतःलाच विचारा, की राग नक्की कशाचा आलाय. तिकीट कापल्यावर आठवलेली तत्त्वं लोक लांबून ओळखतात. साधी टेस्ट आहे, हाच प्रकार समोरच्या पक्षाने केला असता तर आपण काय पोस्ट टाकली असती? आणि नुसता विचार नका करू, खरंच स्वतःचं प्रोफाइल उघडून जुन्या पोस्ट बघा, कारण तुम्ही तोंड उघडलं की तासाभरात कुणीतरी तेच स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणार आहे, तर ते आधी तुम्हीच बघितलेले बरे.

मग कागद गोळा करा. ह्यात मला फिरोज गांधी फार आवडतात. रायबरेलीचे काँग्रेस खासदार, सासरे पंतप्रधान नेहरू, आणि डिसेंबर 1957 मध्ये ह्या माणसाने लोकसभेत आपल्याच सरकारला धारेवर धरलं, कारण नुकत्याच उभ्या राहिलेल्या सरकारी एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंधराच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास शेअर घेतले होते. "भ्रष्टाचार बोकाळलाय" असं मोघम भाषण नाही ठोकलं, कुठल्या कंपन्या, किती पैसे, कधी घेतले, असे नेमके प्रश्न. न्यायमूर्ती छागलांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी घरी गेले. फिरोज गांधी मात्र 1960 मध्ये वारले तोवर काँग्रेसचेच खासदार होते, हे लोक विसरतात.

आपल्या लेव्हलला एवढं मोठं काही नसतं. रस्त्याचं टेंडर असतं, एखादा ठराव असतो, सभेचं इतिवृत्त असतं. ते माहिती अधिकारात मागा, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत बसवायचा, नाहीतर तेवढ्याच कारणावर अर्ज परत येतो. अर्ज नगरपालिकेकडे करा. पक्ष कार्यालयात जाऊन कागद मागितले तर चहा मिळेल, कागद मिळणार नाही.

आता बोलायचं कुठे? व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजिबात नाही. तिथे तुमच्या मेसेजवर अर्ध्या तासात चाळीस "साहेब आगे बढो" पडतात आणि मूळ मुद्दा वर जाऊन गायब होतो. पत्र लिहा, एकच पान, तालुकाध्यक्षांना, प्रत जिल्हाध्यक्षांना, आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. भाषा साधारण अशी:

"मा. तालुकाध्यक्ष, अमुक तारखेच्या सभेत आपल्या गटाने ठराव क्रमांक अमुकला पाठिंबा दिला. सोबतच्या कागदांवरून त्यात निविदा न काढताच काम दिल्याचं दिसतं. हे चूक आहे असं माझं मत आहे. ह्यावर पंधरा दिवसांत बैठक बोलवावी ही विनंती. आपला, अमुक, बूथ क्रमांक अमुक."

बस. "मी वीस वर्षं पक्षासाठी रक्त आटवलं" हे ह्यात टाकायचं नाही, कितीही टाकावंसं वाटलं तरी. त्याने मुद्दा तुमच्यावर येतो आणि मग सगळे तुमचं सांत्वन करायला लागतात.

निवडून आलेले असाल तर इथे जरा थांबा, कारण आता कायदा येतो. आमदार-खासदारांना 1985 पासून घटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, लागू आहे आणि आपल्याकडे नगरसेवक, जिल्हा परिषद, पंचायत समिती सदस्यांसाठी 1986 चा वेगळा राज्य कायदा आहे, आणि त्यात नुसता पक्ष नाही तर आघाडी पण धरलेली आहे. व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं ह्याचा पक्षाचा आदेश, निघाला आणि तुम्ही विरोधात मत दिलं किंवा गैरहजर राहिलात तर सदस्यत्व जाऊ शकतं. पण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की आधी परवानगी मागता येते, आणि न मागता मत दिलं तरी पक्षाने 15 दिवसांत ते माफ केलं तर अपात्रता येत नाही. म्हणून मतदानाआधी गटनेत्याला लेखी कळवा की ह्या ह्या कारणाने मला ह्या ठरावाला पाठिंबा देता येत नाही, परवानगी द्या. देतील असं नाही, पण कागद राहतो. आणि व्हिप फक्त मताला असतो हे लक्षात ठेवा, सभागृहात उभं राहून प्रश्न विचारायला नसतो. ग्रामपंचायतीत तर पक्षाच्या चिन्हावर निवडणूकच नसते, तिथे "पक्षाचा आदेश आहे" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

अजून एक, निवडून आलेल्याने नाराजीच्या भरात दुसऱ्या पक्षाच्या स्टेजवर जाऊन बसायचं नाही. गोव्याच्या आमदारांच्या केसमध्ये (रवी नाईक खटला, 1994) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पक्ष सोडला हे ठरवायला राजीनामाच लागतो असं नाही, वागण्यावरूनही ते ठरवता येतं. आणि पक्षाने हकालपट्टी केली म्हणजे आपण मोकळे झालो असंही समजू नका, दुसरीकडे जायच्या आधी वकील गाठा.

आतून काहीच हललं नाही तर बाहेर बोला, पण एकदाच आणि पूर्ण. रोज एक सूचक स्टेटस टाकणं, "वेळ आल्यावर बोलेन" वगैरे, ह्याने फक्त तुमचा भाव काय चाललाय ह्याची चर्चा होते. किंमत मोजावी लागेल हे धरूनच चाला. पुण्याचे मोहन धारिया इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात असताना म्हणाले की सरकारविरुद्ध आंदोलन करणाऱ्या जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा, तर मार्च 1975 मध्ये मंत्रिपद गेलं आणि आणीबाणीत तुरुंगही झाला. तुमच्या बाबतीत फार तर वाढदिवसाच्या बॅनरवरून फोटो उडेल.

आता उलट बाजू, म्हणजे पक्षात तुम्हीच पदाधिकारी आहात आणि चूक कबूल करायची वेळ तुमच्यावर आलीय. इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो. दोन वाक्यं डोक्यातून काढून टाका. एक, "माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला". दोन, "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो". ह्या "असतील तर" मध्ये सगळी ग्यानबाची मेख आहे, म्हणजे चूक झालीच नाही, तुमच्याच भावना जरा नाजूक आहेत. ऑगस्ट 2005 मध्ये मनमोहन सिंग राज्यसभेत 1984 च्या शीख हत्याकांडावर बोलले तेव्हा त्यांनी शीख समाजाचीच नाही तर पूर्ण देशाची माफी मागितली, जे झालं त्याने मान शरमेने खाली जाते म्हणाले. 1984 मध्ये ते राजकारणात पण नव्हते. "तेव्हा मी कुठे होतो" म्हणून सुटता आलं असतं. अर्थात 21 वर्षं लागली आणि नुसत्या माफीने न्याय मिळत नाही, हे शीख कुटुंबं म्हणतात ते बरोबरच आहे.

म्हणून तुमच्या निवेदनात तीन गोष्टी याव्यात: काय केलं, कुणाचं नुकसान झालं, आणि आता काय मागे घेतोय. "आमच्या गटाने अमुक ठराव मंजूर केला, त्यामुळे प्रभागातल्या फेरीवाल्यांचे परवाने अडकले, ते चूक होतं, पुढच्या सभेत तो रद्द करायचा प्रस्ताव आम्हीच आणतोय." समोरच्या पक्षाने काय केलं होतं हे त्यात आणायचं नाही, ते खरं असलं तरी. त्याची वेगळी पोस्ट टाका, दुसऱ्या दिवशी.

आणि हो, "पक्षविरोधी कारवाया" ह्या मथळ्याखाली कारणे दाखवा नोटीस येईल. घाबरून फोन बंद करू नका. बऱ्याचदा त्यात नेमकी कुठली कारवाई हे लिहिलेलंच नसतं, तर पहिलं उत्तर हेच, की तारीख आणि कृती कळवावी म्हणजे खुलासा करता येईल. सोबत तुमच्या जुन्या पत्राची पोच जोडा. उत्तर मुदतीत द्या, हाताने दिलं तर शिक्का घ्या, आणि ते पेपरला द्यायची घाई करू नका, तसंही ते कार्यालयातूनच कुणीतरी आधी फोडतं.