आयकराची नोटीस आलीय? ‘गणपतीनंतर बघू’ म्हणू नका

पगारदार आणि पेन्शनरांसाठी आयकर रिटर्नची नेहमीची मुदत ३१ जुलै. म्हणजे कोकणात धो धो पाऊस, लावणीची घाई, लाइट असली तर नेट नाही. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: “गणपती होऊंदेत, मगे बघूया.” गणपती जातात, भातकापणी येते, दिवाळी येते. ३१ डिसेंबर उलटला की उशिराचं रिटर्नही भरता येत नाही. त्याआधी भरलं तर लेट फी जास्तीत जास्त ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. कर बाकी असेल तर महिन्याला १ टक्का व्याज वेगळं.

“आंबा करमुक्त, मग कागद कशाला?”

सगळ्यात महाग पडते ती ही समजूत. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते शेतीचंच आहे हे दाखवायचं काम आपलं. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. मग नोटीस येते आणि बागायतदार वाशीच्या बाजारातल्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) शोधत माळ्यावर चढतो. तिथे वाळवीने आधीच हिशेब तपासलेला असतो! पट्टी हातात आली की मोबाइलवर फोटो काढा. फवारणीची आणि खतांची बिलं, पेट्यांची खरेदी, सातबाऱ्यावरची कलमांची नोंद, सगळं वर्षवार एका जागी ठेवा. सातबारा सामाईक असेल तर जास्तच जपा. आठ भावंडांची नावं, पण पैसे एकाच्याच खात्यात, आणि कुणाला किती दिले याची साधी चिठ्ठीही नाही. अशा वेळी सगळी रक्कम त्या एकाचीच धरली जाण्याची भीती असते. खुलासा पटला नाही तर कर नेहमीच्या टप्प्यांपेक्षा बऱ्याच चढ्या दराने लागतो.

शिवाय बागेतून निघालेलं सगळंच शेतीत मोडत नाही. हापूस पेटीतून गेला तर शेती. त्याचाच पल्प करून डब्यात भरला तर तो धंदा. काजूची बी विकली तर शेती, विकत घेतलेली बी फोडून गर विकला तर धंदा. मासेमारी आणि होमस्टे तर शेतीत धरतच नाहीत.

नोटीस भाच्याच्या ईमेलवर

आयकर खात्याच्या पोर्टलवर (वेबसाइटवर) खातं उघडलं मुंबईच्या चाकरमानी भाच्याने, ईमेल त्याचा, नंबर बंद पडलेला. नोटीस पोर्टलवर पडून, इकडे पत्ता नाही. “मला मिळालीच नाही” हे सहसा चालत नाही. आज पोर्टलवर जाऊन नंबर आणि ईमेल स्वतःचा करा, ई-प्रोसीडिंग (नोटिसा) आणि थकीत मागणी (खात्याने काढलेली बाकी) ही दोन पानं उघडून बघा. मेसेजमधल्या लिंकवर मात्र बोट ठेवू नका. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो. तो पोर्टलवर टाकून नोटीस खरी की खोटी ते लॉगिन न करताही कळतं.

“साहेबांना भेटून सांगतो” हेही आता बहुतेक प्रकरणांत चालत नाही. तपासणी चेहराविरहित असते, म्हणजे अधिकारी समोर नसतो. उत्तर आणि कागद पोर्टलवरच चढवायचे. वेळ कमी असेल तर मुदतवाढ मागा, पण गप्प बसू नका. उत्तरच नसेल तर अधिकारी हाती असलेल्या माहितीवर कर ठरवून मोकळा होतो.

आणखी एक बारीक चूक: रिटर्न भरलं, पण ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ते आपणच भरल्याची ऑनलाइन खात्री) केलं नाही. मुदतीत भरल्याचं सगळं पुण्य तिथे वाया जातं.

जुनी वर्षं राहिलीत?

करनिर्धारण वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अपडेटेड रिटर्न भरता येतं. कर आणि व्याजावर जादा कर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७०. यातून रिफंड मिळत नाही, आणि त्या वर्षाची तपासणी सुरू झाली की ही वाट बहुधा बंद होते. म्हणून नोटिशीच्या आधी हलावं.

मागणी चुकीची वाटली (टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, जुळत नाही, हे नेहमीचं कारण) तर पोर्टलवर असहमती नोंदवा आणि दुरुस्ती मागा, नाहीतर पुढचा रिफंड तिच्यात वळता होतो. अपिलालाही ३० दिवसच असतात. मागणी बरोबर आहे पण एकरकमी झेपत नाही, तर हप्ते मागता येतात. फक्त तो अर्ज भरणा करायच्या ३० दिवसांच्या मुदतीत जायला हवा.